मनगटावरचं पाणी

"द्वारकाबाईंना बोलवा कुणीतरी, अंघोळ घालायचीय," जिना चढता चढता शेजारच्या काकू सवयीने बोलून गेल्या आणि तोंडाला पदर लावून दारातच थबकल्या. द्वारकाबाई, माझी आजी, समोर चटईवर निजवलेली होती.

आमच्या गल्लीत बाई गेली, की शेवटची अंघोळ आजीच घालायची. आजार कुठलाही असो, ती मागे सरली नाही. तिच्यामुळे इतरांवर ती वेळच आली नव्हती. आज दारात एवढ्या बायका, पण एकही पुढे येईना.

मी ओढणी कमरेला खोचली. बादलीतून वाफ येत होती. आजी आधी स्वतःच्या मनगटावर पाणी घेऊन बघायची. "मेलेल्या माणसाला कसलं पोळतंय, आजी?" म्हणत मी हसायचे.

मी मनगटावर पाणी घेतलं. चटका बसला.

"गार पाणी आणा," मी ओरडले, "पोळेल तिला!"