वरचं झाकण

शेगडीने चौथ्यांदा शिट्टी वाजवली आणि तिच्या माथ्यावर पुन्हा तीच अक्षरं उमटली : जाळ नाही.

एर्मेस तिच्यापुढे गुडघे टेकून बसला होता. अंगात अजून बर्फ काढायच्या गाडीवरचा नारिंगी कोट होता. मागे पलंगावर तीन रजयांखाली त्याची आई, ओनोरीना, खोकत होती. खोकला आला की रजया हलायच्या, आणि मग बराच वेळ काहीच हलायचं नाही. तेवढा वेळ एर्मेस मागे वळून बघत राहायचा. भिंतीवरच्या तापमापकाचा काटा नऊ अंशांवर होता. तिच्या पायाशी लावलेला विजेचा हीटर त्या दगडी खोलीपुढे अगदीच बिचारा होता.

खालच्या गावात डॉक्टरीणबाई गाडी घेऊन तयार होत्या. रस्ता मात्र वळणापाशी बर्फाने बुजला होता, आणि तो मोकळा करणारा माणूस वळणाच्या या बाजूला एकच होता, तो इथे शेगडीपुढे बसला होता. रात्रभर खिंडीत अडकून तो सकाळी कसाबसा घरी पोचला, तर घर थंडगार. आईला अशा गारठ्यात टाकून जावं, तर परत येईपर्यंत ती उरेल की नाही. न जावं, तर डॉक्टर येणार कशा? तिला नेऊन ठेवायला शेजारही नव्हता. वस्तीतल्या बाकीच्या घरांना ऑक्टोबरातच कुलपं लागली होती.

जुनी लोखंडी चूल असती तर चार लाकडं कोंबून तो मोकळा झाला असता. पण दोन वर्षांपूर्वी ती भंगारात घालून, लाकडाच्या भुशाच्या गोळ्यांवर चालणारी ही शेगडी त्यानेच आणली होती. बटण दाबलं की झालं, असं आईला ऐटीत सांगितलं होतं. ती ऐट आता अंगाशी आली होती.

त्याने गोळ्या जिच्यात जळतात ती वाटी पुन्हा काढून घासली. तिची भोकं खिळ्याने मोकळी केली, उरलीसुरली राख उपसली. बाहेर जाऊन धुराड्याच्या तोंडावरचा बर्फ फावड्याने पाडला. पुन्हा बटण. पंखा घरघरला, पेटवणारी कांडी तापून लाल झाली. दहा मिनिटं गेली आणि शिट्टी वाजली.

शेवटी वैतागून त्याने पोत्यातल्या मूठभर गोळ्या स्वतःच वाटीत टाकल्या. या वेळी धूर आला आणि काचेमागे भसकन जाळ उठला.

"आई, पेटली बघ," तो म्हणाला.

आईने हूं केलं. तीन-चार मिनिटांत जाळ खाली बसला, निळा झाला, विझला. एर्मेसने शेगडीला लाथ घातली. आपण आता रडणार, हे त्याला कळलं, म्हणून त्याने घाईघाईने खालच्या गावातल्या इव्हानोला फोन लावला. शेगडी त्यानेच बसवून दिली होती. इव्हानोने सगळं निमूटपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "तू टाकलेल्या गोळ्या जळल्या. शेगडीने स्वतः किती टाकल्या?"

एर्मेसने वाकून काचेतून आत पाहिलं.

"वाटी घासलीस तेव्हा तिच्यात काय होतं?"

"काही नव्हतं."

"मग दोन तास पेटवतोयस काय, गाढवा? टाकीतून गोळ्या खाली येतच नाहीयेत. टाकी रिकामी कर. आणि आधी प्लग काढ, नाहीतर बोटं जातील."

टाकीचं झाकण शेगडीच्या माथ्यावर. एर्मेस आधी पातेल्याने आणि मग दोन्ही हातांनी गोळ्या उपसून जमिनीवर टाकत सुटला. तळाशी, गोळ्या पुढे ढकलणाऱ्या मळसूत्रात, बोटांना काहीतरी चिवट लागलं. त्याने ओढलं. निम्मी चावली गेलेली ऑलिव्हची वाळकी डहाळी बाहेर आली. तिला लाल फीत बांधलेली होती.

त्याने मान वर केली. आईच्या पलंगामागच्या भिंतीवर क्रुसाशेजारचा खिळा मोकळा होता. ईस्टरच्या आधीच्या रविवारी फादरांनी आशीर्वाद दिलेली डहाळी तिथे वर्षभर असायची. वादळ आलं की घरावरचं, माणसांवरचं संकट टळावं म्हणून घरोघरी तिची दोन पानं चुलीत जाळायची. एर्मेसचा त्यावरचा विश्वास पंधराव्या वर्षीच उडाला होता.

"हे तू टाकलंस?" त्याच्या तोंडात पुढचे शब्दही तयार होते, आणि ते चांगले नव्हते.

ओनोरीनाने डोळे उघडले. "काल रेडिओवर म्हणाले, खिंडीत बर्फाचा कडा कोसळला. तुझा फोन लागेना." तिला दम लागला. "चुलीत वरूनच तर टाकायचो आपण. हिलाही वर झाकण आहे."

एर्मेसने डहाळी कोटाच्या खिशात ठेवली.

"आलास ना पण," ती म्हणाली.

त्याने गोळ्या परत भरल्या, प्लग लावला, बटण दाबलं. थोड्या वेळाने वाटीत एक गोळी टिंग करून पडली, मग दुसरी, मग पडतच राहिल्या. जाळ पेटला आणि या वेळी टिकला. काटा अकरावर सरकला तेव्हा रस्ते खात्याच्या ऑफिसातून फोन आला : वारा पुन्हा वाढलाय, वळणावर अजून बर्फ घसरतोय, निघतोस का? निघालो, म्हणून त्याने सांगितलं.

दारापर्यंत जाऊन तो परत आला. हातमोजा घालून त्याने काचेचं दार उघडलं आणि उरलेली डहाळी जाळावर धरली.

"फीत काढ आधी," रजयांखालून आई म्हणाली. "ईस्टरला नव्या डहाळीला लागेल."