भात लागायला हवा

“काहीही करा, पण हा पूर्वीसारखा बिघडवून द्या,” असं म्हणून काकांनी राइस कुकर टेबलावर ठेवला आणि रिकाम्या पिशवीची घडी घालत ते उभे राहिले.

मेकॅनिकच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर हातातच राहिला. पंचवीस वर्षांत त्यानं गिऱ्हाइकांच्या नाना तऱ्हा पाहिल्या होत्या. पंखा फार जोरात फिरतो म्हणून भांडणारे पाहिले होते, इस्त्री तापते अशी तक्रार करणाऱ्या एक बाईही होत्या. पण चालती वस्तू बिघडवून मागणारा माणूस त्यानं आज पहिल्यांदाच पाहिला.

कुकर त्याच्या ओळखीचा होता. आठवड्यापूर्वी काकांचा जावई तो घेऊन आला होता. तळाचा थर्मोस्टॅट अडकायचा. पाणी आटलं तरी बटण वर उडायचं नाही आणि भात करपायचा. मेकॅनिकनं नवा थर्मोस्टॅट घातला, दोनदा चालवून पाहिला आणि सहा महिन्यांची गॅरंटीही दिली.

“का हो, अजून करपतो का?”

“छे. एक शीत लागत नाही खाली.”

“मग झालं तर!”

“कसलं झालं? लागायला हवा.”

“घरात कुणाला तळाची खरवड आवडते का?”

“खातंय कोण ती! टाकूनच देतो.”

मेकॅनिकचं डोकं चक्रावलं. अडकणारा पार्ट पुन्हा घालणं म्हणजे घरात आग लावून देणंच. ते तो मुळीच करणार नव्हता. पण काकांना तसंच परत पाठवावं, तर कुतूहल स्वस्थ बसू देईना. “घरी येऊन बघतो,” असं म्हणून त्यानं हत्यारांची पेटी उचलली आणि शटर अर्धं ओढून घेतलं.

दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. आतल्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. दारामागे वर्तमानपत्राची पानं उलटल्याचा आवाज येत होता. काकांनी तांदूळ धुतले. धुता धुता मूठभर सिंकमध्ये सांडले. पाणी त्यांनी वाटीनं मोजून घेतलं, मग थोडं काढलं, मग पुन्हा तेवढंच घातलं. हा स्वयंपाकातला नवा भिडू आहे हे सांगायला कुणा जाणकाराची गरज नव्हती.

मेकॅनिकनं कुकर उलटा करून तळाचे स्क्रू काढले, उगाच फुंकर मारली आणि तेच स्क्रू पुन्हा बसवले. काका मात्र मोठ्या आशेनं बघत होते. त्यांनी तांदळाचं भांडं आत ठेवलं आणि स्वतः बटण दाबलं.

“आता तरी सांगा,” वाफ सुटल्यावर मेकॅनिक म्हणाला. “करपलेला भात हवाय कशाला?”

काकांनी लोटलेल्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. निदान आपण हळू बोलतोय असं त्यांना वाटलं. त्यांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे त्यांची कुजबुज जिन्यापर्यंत पोचत होती.

“चार महिने झाले, ही माझ्याशी बोलत नाही. रिटायर झाली तरी शाळेतून फोन आला होता, पुन्हा गणित शिकवायला याल का म्हणून. फोन मी घेतला. आणि मीच सांगून टाकलं, आता नाही जमायचं तिला.”

“काकूंना न विचारता?”

“न विचारता. तिला कळलं तेव्हा म्हणाली, ‘सगळं तुम्हीच ठरवता ना? मग आजपासून भातही तुम्हीच ठरवा.’ झालं. तेव्हापासून स्वयंपाक माझ्याकडे आणि घरात अबोला.”

“अहो, पण त्याचा कुकरशी काय संबंध?”

“भात करपला की तिला राहवायचं नाही. आतून ओरडायची, ‘अहो, भात लागला!’ सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. तेवढंच काय ते बोलणं.” काकांनी कुकरकडे बोट दाखवलं. “तुम्ही कुकर दुरुस्त केलात. आठ दिवस झाले, आता तेही नाही.”

घरोघरी मातीच्या चुली, हे मेकॅनिकला ठाऊक होतं. इथली चूल विजेची, एवढाच फरक. त्याला काकांचा रागही आला आणि कीवही आली. फोनवर परस्पर नाही म्हणून टाकणारा हा माणूस आता एका शब्दासाठी करपल्या वासाची वाट बघत बसला होता.

टक् करून बटण वर उडालं.

काका वाफेवर वाकले. त्यांनी एकदा वास घेतला, दुसऱ्यांदा घेतला. ताज्या भाताचा वास होता, दुसरा कसलाच नाही.

“नाही लागला,” ते म्हणाले आणि स्टुलावर बसून राहिले. आपण काही बिघडवलंच नाही, हे त्यांना सांगावं कसं, याचा मेकॅनिक विचार करत होता. आतल्या खोलीत पानांचा आवाज केव्हाच थांबला होता.

“अहो, भात लागला!”

काका दचकून उठले. मेकॅनिकनं झाकण काढलं आणि चमचा तळापर्यंत घातला. भात पांढराशुभ्र आणि मोकळा होता. तळाला एक शीतही चिकटलेलं नव्हतं. त्यानं भांडं काकांपुढे धरलं.

काकांनी भाताकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. काहीतरी बोलायला उघडलेलं तोंड त्यांनी मिटून घेतलं.

“हो गं, लागला,” ते म्हणाले. “आता काय करू? तूच सांग.”