मायऱ्याची कॅसेट

चित्र आलं, पण आवाज आला नाही.

टीव्हीवर कल्पेशच्या लग्नातले पाहुणे नुसतीच तोंडं हलवत होते आणि मंचरच्या घरात सगळे ती मुकी तोंडं बघत बसले होते. "राहू दे रे," त्याची आई गुलाबबाई म्हणाल्या, "दिसतंय तेवढं बास झालं." पण कल्पेश कुठला ऐकतोय. जुन्या हँडीकॅमच्या कॅसेटी त्याने नारायणगावला देऊन पेन ड्राइव्हवर उतरवून आणल्या होत्या आणि टीव्हीला नवं खोकं जोडलं होतं. हातात घेतलेलं काम अर्धवट सोडणं त्याच्या रक्तात नव्हतं. "पुरावा कसा, आवाजासकट पायजे," असं म्हणून त्याने रिमोट मुलीच्या हाती दिला. "खुशबू, दुसरं ॲप टाक गं. आवाज येणारं."

पुरावा हवा होता तो मदनमामांच्या विरोधात. गुलाबबाईंचे धाकटे भाऊ मदनलाल. लोणीला त्यांचं किराण्याचं दुकान. बहिणीच्या घरी ते इतक्या वर्षांनी आज आले होते, कारण कालच संवत्सरी झाली होती. संवत्सरी झाली की जैन माणूस लहानथोर न बघता सगळ्यांपुढे हात जोडतो आणि 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणून झाल्यागेल्याची क्षमा मागतो. मामांनी आल्या आल्या बहिणीपुढे हात जोडले, मग सुनेपुढे, मग खुशबूपुढेही. कल्पेशपाशी आले तेव्हा तो टीव्हीमागे वायरी खुपसत होता, आणि तेवढ्यात गुलाबबाईंनी तोंड उघडलं होतं.

"वरवर हात जोडून काय व्हतंय? माझ्या पोराच्या लग्नात मायरा घेऊन आला न्हाईस तू. टिळ्याचं ताट घेऊन मी आत ताटकळले. सोयऱ्यांत माझं नाक कापलं गेलं."

मायरा म्हणजे बहिणीच्या लेकराच्या लग्नात भावाने आणायचा आहेर. बहिणीने पुढच्या दारात टिळा लावायचा आणि मगच भावाने उंबरा ओलांडायचा. ज्या बाईचा मायरा आला नाही, तिला माहेरच नाही, असं लोक धरून चालतात. त्या दिवसापासून गुलाबबाईंनी भावाला राखी पाठवली नव्हती.

"चुकलं, बाई," मामा म्हणाले. बहिणीने एकदा घरात घ्यावं, एवढ्यासाठी ते आले होते. गुलाबबाईंचा चेहरा थोडा निवळलाही होता. पण कल्पेशचं तेवढ्यावर समाधान नव्हतं. मामा आले नाहीत, हे तो बायकोला, सोयऱ्यांना, पुढे मुलीलाही सांगत आला होता. सांगून सांगून ते त्याच्यातही लोणच्यासारखं मुरलं होतं. "चुकलं म्हणून भागतं का, मामा?" तो म्हणाला. "आज बघूच द्या सगळ्यांना."

"पप्पा, आला आवाज," खुशबू म्हणाली.

सनई वाजू लागली. पुण्याचे सोयरे गाड्यांतून उतरत होते. कॅमेरा नवरदेवाच्याच हातात असल्याने तो कुठेच दिसत नव्हता. मग चित्र दाराकडे वळलं. पायरीवर मदनमामा उभे होते. धोतर एसटीच्या धुळीने मळलेलं, हातात लाल कापडाने झाकलेलं ताट.

गुलाबबाई पुढे सरकल्या. "म्हंजे आला व्हता?"

टीव्हीत, आतल्या खोलीतून, त्यांचाच आवाज आला. "कल्पेश, मामा आला का रे? ताट आणू टिळ्याचं?"

"न्हाई आला अजून, मम्मी." हा आवाज अगदी कॅमेऱ्याला चिकटून आला.

चित्र खाली गेलं. कॅमेरा बंद करायचा राहूनच गेला होता. फरशी दिसू लागली, फरशीवर नवेकोरे बूट आणि बुटांसमोर झिजलेल्या चपला. तोच आवाज आता दबून बोलला. "मामा, मागच्या दारानं या ना. पुण्याचे पावणे हायेत."

चपला थोडा वेळ तशाच राहिल्या. मग रस्त्याकडे वळल्या.

कल्पेश ते विसरला नव्हता, नुसतं झाकून ठेवलं होतं; तेव्हा हातात चालू कॅमेरा होता, एवढंच विसरला होता. रिमोट खुशबूच्या हातात होता, पण ती बटण दाबत नव्हती, बापाकडे बघत होती. जमिनीने पोटात घ्यावं, असं त्याला झालं. मामांना सगळं ठाऊक होतं. ठाऊक असून ते मघाशी चुकलं म्हणाले होते.

"आवाज कोणाचा हा?" गुलाबबाईंनी विचारलं. पोटच्या पोराचा आवाज आईला कळत नाही असं नव्हतं. त्यांना ते त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"जुनी कॅसेट हाये, बाई," मामा म्हणाले. "आवाज फाटतोय. कोणाचा ते कळत न्हाई."

मग ते खुर्चीतून उठले आणि कल्पेशसमोर येऊन उभे राहिले.

"मगाशी तू तेवढा राहिला व्हतास," ते म्हणाले आणि त्यांनी हात जोडले. "मिच्छामि दुक्कडम्."