काढलेले आवाज

कवायतीच्या सरांनी तीस वर्षांत काय शिकवलं ते सांगणं कठीण आहे, पण शेकडो मुलामुलींच्या कानाखाली आवाज मात्र काढले. निवृत्तीनंतर त्यांच्याच डाव्या कानात शिट्टी वाजू लागली आणि झोप उडाली. डॉक्टरांनी हात टेकले आणि त्यांना ऑनलाइन उपचारगटात धाडलं.

पडद्यावर समुपदेशक बाई आणि पाच माणसं होती. सरांना एकही चेहरा ओळखता आला नाही. गाल कदाचित आले असते.

"आवाज म्हणजे शत्रू, हा विचार आधी सोडू या," बाई गोड आवाजात म्हणाल्या. "त्याला म्हणा, जा बाबा, ज्याचा असशील त्याच्याकडे."

थोतांड आहे असं वाटूनही सर तसं म्हणाले.

"आला!" एक टकलू गृहस्थ कान चोळत म्हणाले. "हा माझा. आठवी ब."

शिट्टी खरंच कमी झाली. सर सुखावले. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिकही थांबली होती, काटा मात्र फिरत होता.

"माझाही आला," चष्मेवाली म्हणाली. "रांगेत हसले होते मी."

आता खालचा रस्ता गप्प झाला.

पाचव्या माणसाने आपला आवाज परत घेतला, तेव्हा सरांची बायको दारात उभी राहून काहीतरी विचारत होती. तिचे नुसते ओठ हलत होते.

सरांनी घाबरून लॅपटॉप मिटायला हात घातला.

"मिटू नका, सर." जगात आता तेवढाच आवाज उरला होता. बाईंनी डाव्या कानावरचे केस मागे सारले. "माझा अजून यायचाय."