साडेआठचं शून्य

हरिताला कॉलेजच्या वादविवादासाठी विषय मिळाला होता: शून्य माणसाला सापडलं की माणसाने बनवलं? संध्याकाळी जेवताना तिने तेच अप्पांना विचारलं.

"सापडलं," डोशाचा तुकडा मोडत तिचे वडील सतीशकुमार म्हणाले. पापनाशमच्या सरकारी पर्जन्यमापकाची नोंद ठेवायचं काम त्यांच्याकडे होतं. "रोज सकाळी साडेआठला मी स्वतः बाटली उचलून बघतो. आत थेंब नसतो, म्हणून शून्य लिहितो. मी कशाला बनवू? ते तिथं असतंच. ह्याच शून्यांवरून दुष्काळ ठरतो, अगं!"

"पण अप्पा, साडेआठला तर तुम्ही इथं तंजावुरात काप्पी पीत असता. तुमची पापनाशमची बस नऊची."

तुकडा चटणीतच राहिला. "होतो कधीतरी उशीर."

"रोज?"

"बापाची उलटतपासणी करायला कॉलेजात घातलंय का तुला?" ते तडक उठले, हात धुतले आणि पिशवीतली नोंदवही काढून तिच्यापुढे टाकली. "बघ. एक दिवस चुकलेला दाखव. एक!"

हरिताने एप्रिलचं पान उघडलं आणि तारखांवरून बोट हळूहळू खाली नेलं. खरंच, एकही दिवस चुकला नव्हता. प्रत्येक तारखेपुढे शून्य आणि प्रत्येक शून्यापुढे अप्पांची सही.



आज एप्रिलची अकरा तारीख होती. शून्यं तीस तारखेपर्यंत लिहून झाली होती.