देणाऱ्याचं पुढे काय होतं

पोलादपूरच्या हायस्कुलात व्हरांडा झाडता झाडता चंपाबाईचा झाडू दहावीच्या वर्गाशी थबकला. आत दाभेकर सर फळ्यावर वर्तुळं काढून सांगत होते की, सोडियमच्या बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन असतो आणि क्लोरीनला नेमका एकच कमी असतो. सोडियम आपला तेवढा एक देऊन टाकतो आणि दोघंही सुखी होतात.

तास संपला, मुलं पांगली, तशी ती दाराशी आली.

"सर, एक इचारू? दिल्यावर तो देणारा कुठं जातो?"

सर हसले. "कुठे जाणार, चंपाबाई? दिल्यामुळेच तर त्याला ओढ लागते. ज्याला दिलं त्यालाच धरून बसतो. आपलं रोजचं मीठ म्हणजे तेच की!"

"असं हाय तर," ती पुटपुटली.

तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या रंजनाने बाहेरून हाक मारली, "काकी, आईनं तुला संध्याकाळी घरी बोलावलंय गो!"

कूस न उजवलेल्या थोरल्या जावेच्या ओटीत चंपाबाईने पोटची दीड महिन्याची रंजना आपल्या हातांनी घातली होती. पोर पोलादपुरात पहिलीला बसली, तेव्हा चंपाबाई कुडपण गाव सोडून त्याच शाळेत झाडलोटीला लागली. पोर पाचवीला हायस्कुलात आली, तशी तीही हायस्कुलात आली.

झाडू उचलून निघालेली चंपाबाई पुन्हा मागे वळली.

"सर, पुढल्या वर्षी महाडच्या कालेजात झाडायला बाई लागंल का हो?"