राजाचं नाक

शेजारच्या झरेंबा आजोबांनी तळहातावरचं चांदीचं नाणं दाखवलं, तशा मंदाकिनीबाई उठून हात धुऊन आल्या. मुलाकडे अमेरिकेत कॅरीला आल्यापासून त्यांना देवघराची आठवण येत होती, आणि हे तर थेट त्यांच्या खंडोबाच्या टाकासारखं होतं. पातळ पत्रा, पुढून चेहरा उठलेला, मागून पोकळ.

"आई, हा पोलंडचा राजा आहे, आठशे वर्षांपूर्वीचा," सून रेणू म्हणाली. "यांच्या आईचं नाणं. म्युझियमवाले म्हणाले, तेव्हा राजा सारखी जुनी नाणी परत मागवायचा आणि वितळवून नवी पाडायचा. त्यामुळे झिजायला वेळच मिळायचा नाही. मग याचं नाक कसं झिजलं, हेच यांना कळत नाहीये."

"आमच्या खंडोबाच्या मिशा मीच घालवल्या, रोज पुसून पुसून," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "विचार, यांची आई पुसायची का?"

रेणूने इंग्रजीत विचारलं. आजोबा हसले. "छे, पुसायची कुठली! काळजीत असली की नुसती हातात धरून बसायची."

रेणूने हे सासूबाईंना सांगितलं. मग कॉफी ओतता ओतता तिने आजोबांना सहज विचारलं, "मिसेसचे रिपोर्ट आले का?"

"उद्या येतील," आजोबा म्हणाले.

मंदाकिनीबाईंना इंग्रजी कळत नव्हतं. त्या आजोबांच्या अंगठ्याकडे बघत होत्या. तो राजाच्या नाकावरून सारखा फिरत होता.